जोडीमागे दुप्पट, आणि चार महिने शून्य

मूळच्या निपाणीच्या, पुण्यात बारा वर्षं आयटीत नोकरी करून आता बेळगावात परतलेल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा सारांश देते. अथणी तालुक्यातल्या एका घरातून त्या हाताने शिवलेल्या कोल्हापुरी चपला घेतात आणि इन्स्टाग्रामवर विकतात. गावात येणारा व्यापारी जोडीला 400 रुपये देत होता. कारागिराला भरभरून पैसे दिले तर त्याची गरिबी हटेल, या विश्वासाने त्यांनी 800 द्यायला सुरुवात केली. त्या विकतात 1,900 ला. पहिली दोन वर्षं महिन्याला दहा-बारा जोड्या होत्या, गेल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्याला 40. जूनमध्ये विक्री थांबली, घरात 112 जोड्या पडून राहिल्या, म्हणून त्यांनी काम बंद ठेवलं. जुना व्यापारी आता त्या घरातल्या कारागिराला, काकांना, म्हणतो, "जा तुझ्या अक्काकडंच." काकांचा मुलगा बारावी झाला, त्याला चामडं शिवायची आरी हातात धरायची नाही, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत जायचंय. यजमान म्हणतात, दर 600 वर आण, हा धंदा आहे, दानधर्म नव्हे. आणि मागच्या आठवड्यात काका स्वतः म्हणाले, "अक्का, दर कमी द्या हवं तर, पण बारा महिने काम द्या." ताई विचारतात: दर कमी करू का? आणि एवढं देऊनही माझं चुकलं कुठे?

ताई,

काकांचं वाक्य लिहून लगेच पुढे तुम्ही लिहिलंय, "मला ते लागलं." मी तिथेच थांबले. तुम्हाला त्यात कृतघ्नपणा ऐकू आला. मला त्यात फक्त हिशेब ऐकू आला, आणि तो हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा पक्का आहे. आपण तो कागदावर मांडून बघू.

तुम्हीच दिलेले आकडे घेते. जोडीमागे तळ, वादी, दोरा, रंग असा सगळा माल 200 रुपयांचा. घरात काम करणारी माणसं तीन: काका, काकू आणि सूनबाई. तिघं मिळून दोन दिवसांत तीन जोड्या. व्यापाऱ्याच्या 400 मधून माल वजा जाता उरत होते 200. तीन जोड्यांचे 600. ते सहा माणूस-दिवसांवर वाटा, एकेकाला दिवसाला 100 रुपये. तुमच्या 800 मधून उरतात 600, म्हणजे माणशी दिवसाला 300. किंमत दुप्पट केलीत, पण मालाचा खर्च तोच असल्यामुळे मजुरी तिप्पट झाली. हे तुमचं श्रेय, आधी तेवढं पदरात घ्या.

आता दुसरा आकडा. 2025-26 साली कर्नाटकात रोजगार हमीवर माती उचलण्याचा दर दिवसाला 370 रुपये होता. म्हणजे ज्याला तुम्ही "भरभरून" म्हणता, ते पिढीजात कारागिराला अंगमेहनतीच्या मजुरापेक्षा 70 रुपये कमीच पडतं. नुसती रोजगार हमीची बरोबरी करायची तर जोडीला 940 द्यावे लागतील. तेव्हा यजमानांना सांगा की यात दानधर्म नाहीच. 600 वर आणलंत तर रोज 200 वर येतो. दर कमी करू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

पण काका स्वतःच "कमी द्या" म्हणतात, त्याचं काय? त्यांनी वर्षाचा विचार केला, तुम्ही जोडीचा. आठ महिने 40 जोड्या, जोडीमागे 600, म्हणजे 1,92,000. बाराने भागा, महिन्याला 16,000. आकडा वाईट नाही. पण तो 16,000 म्हणून घरात येतच नाही. तो आठ महिने 24,000 म्हणून येतो आणि चार महिने शून्य म्हणून येतो. त्या चार महिन्यांत शाळा सुरू होतात, आजारपणं येतात, आणि कृष्णेला पूर आला तर अथणीकडे काय होतं हे 2019 च्या ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय. 24,000 आले तेव्हा घराने सवय लावून घेतली असणार, कुठला तरी हप्ता घेतला असणार. हप्त्याला आषाढ-श्रावण कळत नाही. मग उचल घ्यायची कुणाकडून? पूर्वी व्यापाऱ्याकडून मिळायची. आता तो दार लावून बसलाय.

पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते हेच. तुम्ही त्या व्यापाऱ्याला खलनायक केलंय. मी त्याची वकिली करणार नाही. 100 रुपये रोजावर माणसं राबवणाऱ्याची काय वकिली करायची? पण तो पावसातही यायचा. भाव पाडून का होईना, माल उचलायचा. लग्नाला, दवाखान्याला हातात पैसे ठेवायचा आणि पुढे वर्षभर जोडीमागे कापून घ्यायचा. तुम्ही दुप्पट दर दिलात तेव्हा काकांनी त्याला माल देणं बंद केलं, कोण नाही करणार? पण तुम्ही त्याच्या दराची जागा घेतलीत, त्याच्या बारा महिन्यांची घेतली नाहीत.

मी बेळगावच्या शहापुरात विणकरांच्या गल्लीत वाढले. वडिलांचे दोन माग. एकदा मुंबईचा एक गिऱ्हाईक आला, साडीमागे पेठेतल्या शेटजींपेक्षा बराच जास्त भाव द्यायला लागला. दोन दिवाळ्या आमच्याकडे चैन होती. मला पहिल्यांदा नवे बूट मिळाले ते त्या वर्षी. तिसऱ्या दिवाळीला तो आलाच नाही. भांडण नाही, फसवणूक नाही, सगळे पैसे चुकते केलेले. नुसता आला नाही. वडील शेटजींकडे परत गेले तेव्हा त्याने जुन्या भावातून दोन रुपये कमी केले, आणि आम्ही ते मुकाट्याने घेतले. आईने त्या मुंबईवाल्याचं कार्ड मात्र तांदळाच्या डब्यात बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. भला माणूस होता, असंच ती म्हणायची. होताच.

म्हणून आता उलटा हिशेब करू. गेल्या मोसमात तुम्ही 320 जोड्या घेतल्या, 112 उरल्या. म्हणजे विकल्या 208. महिन्याला साधारण 17. तुमची खरी ताकद 40 ची नाही, ओढूनताणून 20 ची आहे. मग काकांना सांगा: दर महिन्याला 20 जोड्या, 800 ने, बारा महिने, पाऊस असो नसो. उरलेले दिवस त्यांनी दुसऱ्या कुणालाही द्यावेत, त्या व्यापाऱ्यालासुद्धा. तुमच्या 20 जोड्यांचे 12,000, व्यापाऱ्याच्या 20 चे जुन्या दराने 4,000. झाले 16,000, दर महिन्याला. वर्षाचे पुन्हा तेच 1,92,000! पावसात व्यापारी भाव पाडेल, तेव्हा थोडं कमी धरा. पण तुमच्या माळ्यावर 112 जोड्यांचा डोंगर नाही, आणि काकांच्या घरी शून्याचा महिना नाही. काका "कमी द्या" म्हणाले ते याचसाठी. त्यांनी कमी मागितलेलं नाही, सलग मागितलंय. दर कमी न करताही ते देता येतं.

व्यापारी ऐकेल का? काकांना एकट्याला पाठवू नका, आणि तुम्ही तर मुळीच जाऊ नका. तुम्हाला बघून त्याचा अहंकार दुखेल. गावातल्या दोन-तीन घरांनी मिळून बोलावं. त्यालाही हात हवेच आहेत. आता "आमचा 800 चा एक गिऱ्हाईक आहे" हे त्याला माहीत असताना 400 चे 450 होतात का, तेही बघा. माझ्या अनुभवात होतात, पण बायका बोलायला बसल्या तर लवकर होतात.

पावसाळ्याचं काय, हा तुमचा खरा धंद्याचा प्रश्न. आपल्या चपलेची कातडी बाभळीच्या सालीत, हिरड्यात कमावलेली. तिला पाणी सोसत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर कोणी विकत घेत नाही आणि घेऊही नये. पण तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे आजवर विकलेल्या तीनेकशे जोड्या तरी असतील. त्यातल्या कितीतरींचा अंगठा सैल झालाय, कान उसवलाय, तळ झिजलाय. जूनमध्ये त्यांना कळवा: चपला पाठवा, श्रावणात दुरुस्त करून, तेल पाजून गणपतीआधी परत. काम नव्या जोडीइतकंच हाताचं, माल मात्र थोडा. त्या दुरुस्तीची पूर्ण मजुरी काकांना द्या आणि कुरियरचा खर्च गिऱ्हाइकाकडून घ्या. बाकीच्या दिवसांत दिवाळीच्या जोड्यांसाठी कातडी पट्ट्यांच्या वेण्या घालून ठेवता येतात. आणि विक्री शक्य तिथे मापावर करा: आधी निम्मे पैसे, तीन आठवड्यांनी चप्पल. ऑनलाइन चपलेत खरा खड्डा असतो तो नंबर चुकून परत येणाऱ्या मालाचा. पायाचा कागदावर काढलेला ठसा मागवलात तर तो बराच बुजतो, आणि आधी आलेल्या पैशातून काकांना कातडीसाठी रोख देता येते. मग मालासाठी उचल घ्यावी लागत नाही.

थोडं खडूस विचारते. 2025 च्या 22 सप्टेंबरपासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी 5 टक्के झाला. त्याआधी हजाराच्या वर 18 टक्के होता. तुम्ही जीएसटी भरत असाल आणि 1,900 मध्ये तो धरलेला असेल, तर जोडीमागे जवळपास 200 रुपये सुटले. ते कुठे गेले? जाहिरातीत गेले असतील तरी गुन्हा नाही. पण "मला काहीच उरत नाही" असं यजमानांपुढे रडण्याआधी एकदा वही उघडून बघा.

आता काकूंचं. तुमच्या चार पानी पत्रात काकूंचा उल्लेख एकदा आलाय, "चहा फार छान करतात" म्हणून. वेणी कोण घालतं ताई? बहुतेक घरांत वेणी आणि बारीक शिवण बायकांच्या हातची असते, आणि ज्या वेणीवर तुम्ही फोटोत कॅमेरा नेता ती तीच. पैसे सगळे काकांच्या फोनवर जातात. 800 पैकी वेणीचा वाटा ठरवा, समजा 200, आणि तो थेट काकूंच्या खात्यात टाका. काकांना आधी विश्वासात घेऊन, चोरून नव्हे. अथणीत पंचवीसएक वर्षांपूर्वी 'टोहोल्ड' नावाने कारागिरांचा जो समूह उभा राहिला तो बायकांच्या बचत गटांवर उभा होता, आणि त्या चपला परदेशापर्यंत गेल्या. तेव्हा हे मी काही पुण्याहून आणून सांगत नाही, काकांच्याच तालुक्यात झालेलं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. काकांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या; ती फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी झाली की कायद्याने गिऱ्हाइकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे चुकते करावे लागतात. हे तुम्हालाही लागू आहे बरं का. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांचा समावेश आहे: अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणात दिवसाला 500 भत्ता, आणि तारणाशिवाय 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. कर्जाला मात्र घाई करू नका. बारा महिन्यांचं काम हातात नसताना 5 टक्क्यांचं कर्जसुद्धा कर्जच.

पुण्याच्या गिऱ्हाइकांनी "कर्नाटकातली म्हणजे खरी कोल्हापुरी नाही ना?" असं विचारल्याचं तुम्ही लिहिलंय. भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून आहे. आठ जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून आपण सत्तर वर्षं भांडतोय, चपलेने ती केव्हाच ओलांडली. बिनधास्त "अथणीची कोल्हापुरी" असं लिहा. मिलानच्या शोचंही तुम्ही विचारलंय. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्यासारख्या चपला मंचावर दाखवल्या, मूळ सांगितलं नाही, ओरड झाल्यावर मान्य केलं. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. 2,000 जोड्या, एकेक सुमारे 800 युरोंना. आनंद आहे. पण तिथेही मी हेच विचारीन: करणाऱ्याच्या हातात जोडीमागे किती, आणि वर्षातले किती महिने? काकांचं एक घर तुमच्या आकड्यांनी वर्षाला पाचशेच्या आसपास जोड्या करतं. 2,000 जोड्या म्हणजे अशा चार घरांचं वर्षभराचं काम, आणि जिल्हे आठ.

राहिला मुलगा. तुम्ही लिहिता, "इतकं करूनही त्याला कलेची किंमत नाही." हे वाक्य वाचून मी जरा चिडले, खोटं कशाला बोलू. तुम्हाला नक्की काय हवं होतं, गरिबी हटायला हवी होती की कला टिकायला? दोन्ही हवं असणं चूक नाही, पण ती दोन वेगळी कामं आहेत आणि कधी कधी एकमेकांच्या आड येतात. काकांच्या घरात दोन वर्षं बरे पैसे आले म्हणून पोरगा बारावी झाला. बारावी झाला म्हणून त्याला उद्यमबाग दिसली. तुमचे पैसे वाया गेले नाहीत, लागू पडले. शिवाय त्या आरीला भावाइतकीच जातही चिकटलेली आहे. शाळेत त्याला कोणत्या शब्दाने हाक मारली गेली असेल हे तुम्हाला आणि मला विचारायला नको. आपल्याकडच्या कानडी घरांत हरळय्या या चर्मकार भक्ताची गोष्ट सांगतात: त्याने बसवण्णांना "शरणु" म्हटलं, बसवण्णांनी उलट "शरणु शरणार्थी" म्हटलं, एकाला दोनदा. त्या एका जास्तीच्या शब्दाचं ओझं त्याला सोसेना, म्हणून त्याने आणि बायकोने आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. सगळे त्याच्या भक्तीने गहिवरतात. मी लहानपणापासून अडखळते ती दुसरीकडेच: साधा उलट नमस्कार मिळाला तर एवढं ऋण वाटावं, इतका तो दुर्मिळ होता.

तेव्हा पोराला फाउंड्रीत जाऊ दे. त्याला "वारसा" हा शब्द ऐकवू नका. उद्या भट्टीपुढे बारा तास उभं राहून तोच म्हणाला की घरी बसून 370 च्या वर पडत असेल तर मी येतो, तर दार उघडं असू दे. सून शिकते आहे असं तुम्हीच लिहिलंय; तुमचं सगळं लक्ष पोराकडे आहे म्हणून ती तुम्हाला वारस वाटत नाही.

हेच पत्र वेगळ्या मालाचं मला इतरांकडूनही येतं. गोकाकची लाकडी फळं, खानापूरची मातीची भांडी, इलकल साडी, धनगराचं घोंगडं. हिशेबाची रीत तीच: आधी माल वजा, मग माणसं आणि दिवस मोजा, मग बाराने भागा. ज्यांच्या मालाला पावसाळा आडवा येत नाही त्यांना लग्नसराई संपल्यावरचे महिने आडवे येतात. आणि विणकरांसाठी एक सूचना: विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत हातमाग विणकर नाहीत, त्या रांगेत उभं राहून दिवस घालवू नका. ज्यांना आज दुप्पट देणं झेपत नाही त्यांनी दीडपट द्या, पण तारीख पाळा. जे वर्षातून एकदा प्रदर्शनात घासाघीस न करता घेतात आणि पुण्य केल्यासारखे घरी जातात, त्यांना माझं काही म्हणणं नाही. घेत राहा.

ताई, तुम्ही काकांना फोन करायला कचरताय हे पत्रात दिसतंय. आज करा. माफी वगैरे मागू नका, त्यांना अवघडेल. "20 जोड्या, बारा महिने, या महिन्यापासून" एवढं सांगा आणि निम्मे पैसे पाठवा. आणि घरातल्या त्या 112 जोड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत असतील तर आधी बाहेर काढा, या हवेत आठ दिवसांत बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळा, वारा लागेल अशा ठिकाणी उलट्या ठेवा. तेल आत्ता नको, ओल निघून गेल्यावर. किती पाजायचं ते काकूंना विचारा.